ईडिपसनं डोळे का फोडले?

मागच्या व्याख्यानात आपण ग्रीक नाटकाची जागा पाहिली. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीचा दक्षिण उतार, त्यावरचं दायोनिससचं उघडं नाट्यगृह, वसंत ऋतूतला उत्सव, मुखवटे चढवलेले तीनच नट आणि पंधरा जणांचा कोरस. आज त्या जागेवर एक नाटक उभं करू या. सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’. पु. ल. देशपांड्यांनी मराठीत त्याचा अनुवाद केला तो ‘राजा ओयदिपौस’ या नावानं. तो उच्चार मूळ ग्रीकला जवळचा आहे, पण आपण बोलण्याच्या सोयीसाठी रुळलेलं ‘ईडिपस’च म्हणू.

हे नाव घेतलं की अनेकांना आधी फ्रॉइड आठवतो. विसाव्या शतकात त्यानं ‘ईडिपस गंड’ ही संज्ञा रूढ केली आणि नाटक न वाचलेल्यालाही नाव पाठ झालं. ती वाट आज आपण सोडून देणार आहोत. कारण सोफोक्लीसच्या ईडिपसला आईचं आकर्षण होतं म्हणून काही घडलेलं नाही. ती आई आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. नाटक आहे ते या ‘ठाऊक नसण्या’चं.

गोष्ट थोडक्यात अशी. थीब्जचा राजा लायस याला देववाणी झाली की तुझा मुलगाच तुला मारील. मूल जन्मलं तेव्हा तीन दिवस पुरे व्हायच्या आत त्याचे घोटे जखडून त्याला सिथेरॉन डोंगरावर टाकून यायला सांगितलं. ज्या धनगराकडे हे काम दिलं त्याला दया आली. त्यानं ते मूल कॉरिंथच्या एका गुराख्याला दिलं, आणि तिथल्या निपुत्रिक राजाराणीनं ते वाढवलं. सुजलेल्या पायांवरून नाव पडलं ईडिपस. मोठेपणी एका मेजवानीत कुणीतरी दारूच्या भरात म्हणालं की तू तुझ्या बापाचा नाहीस. ते मनाला लागलं. हा डेल्फीला गेला, आपले आईबाप कोण ते विचारायला. देवानं त्याचं उत्तर दिलंच नाही. सांगितलं ते वेगळंच : तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ईडिपस पुन्हा कॉरिंथला फिरकला नाही. तीन रस्ते मिळतात तिथं रथातल्या एका म्हाताऱ्याशी वाट देण्यावरून भांडण झालं, त्यात तो म्हातारा मेला. पुढे थीब्ज लागलं. स्फिंक्सचं कोडं सोडवून त्यानं शहर वाचवलं, लोकांनी राजा केलं, विधवा राणीशी लग्न झालं, चार मुलं झाली.

आता लक्षात घ्या, यातलं काहीही नाटकात घडत नाही. पडदा वगैरे तिथं नव्हता, पण नाटक सुरू होतं तेव्हा भाकीत केव्हाच खरं ठरलेलं आहे. खून झाला, लग्न झालं, मुलं वाढताहेत. रंगमंचावर उरतं ते एकच काम, कळणं. आणि ते कुणी लादलेलं नाही.

या नाटकाबद्दल बोललं की एक प्रश्न हमखास येतो. जन्माआधीच सगळं ठरलेलं असेल तर ईडिपसचा काय दोष? तो तर कळसूत्री बाहुलं. मग त्यात नायक कसला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरावर हे नाटक आपल्याला काही देतं की नाही ते अवलंबून आहे.

इथं आपल्याकडच्या श्रोत्यांची एक विशेष अडचण होते. ‘नियती’ म्हटलं की आपल्या मनात नकळत प्राक्तन येतं. मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार, त्याचं फळ. हा हिशेब ग्रीकांच्या डोक्यात नाही. त्यांचा शब्द आहे ‘मोइरा’. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपण म्हणतो ना, ‘हे माझ्या वाट्याला आलं’, अगदी तेच. वाटा का आला याला कारण असेलच असं नाही. लायसच्या जुन्या अपराधाची गोष्ट इतरत्र सापडते, पण सोफोक्लीस ती या नाटकात घेत नाही. ईडिपस कशाचीही शिक्षा भोगत नाही. त्याच्या वाट्याला हे आलं, एवढंच.

शिवाय अपोलो देव नाटकात पाऊलही टाकत नाही. त्यानं सांगितलं हे खरं, पण ढकललं कुणी? तिठ्यावर रथातल्या माणसांनी याला बाजूला लोटलं, म्हाताऱ्यानं डोक्यात काठी हाणली, आणि याचं डोकं फिरलं. कोडं यानंच सोडवलं, आणि तेही स्वतःच्या बुद्धीनं. पावलं सगळी याची, फक्त वाट कुठं जाते ते याला दिसत नाही.

‘दिसत नाही’ या शब्दाशी जरा थांबू या, कारण सबंध नाटक त्यावर तोललेलं आहे. ग्रीकमध्ये ‘मला ठाऊक आहे’ याला म्हणतात ‘ओइदा’. आणि त्याचा खरा व्याकरणिक अर्थ ‘मी पाहिलेलं आहे’ असा होतो. पाहिलं, म्हणून ठाऊक. आपल्याला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. संस्कृतातलं ‘वेद’, म्हणजे ‘तो जाणतो’ या अर्थाचं क्रियापद, हे याच शब्दाचं सख्खं भावंड आहे. विद्, विद्या, वेद, सगळे त्याच घरातले. आणि ईडिपसच्या नावात हा ‘ओइदा’ ऐकू येतो. सुजलेल्या पायांचा हा अर्थ आहेच, पण ग्रीक कानाला ‘ज्याला ठाऊक आहे तो’ असाही नाद लागतो. सोफोक्लीस त्याच्याच तोंडून या नावावर कोटी करवतो. काहीही ठाऊक नसलेला मी ईडिपस आलो आणि कोडं सोडवलं, असं तो मोठ्या ऐटीत म्हणतो. प्रेक्षकांना सगळी गोष्ट माहीत होती. त्या वाक्याला त्यांच्या अंगावर काटा आला असणार.

हे तो म्हणतो ते टायरेसियसला, आंधळ्या द्रष्ट्याला. थीब्जमध्ये साथ पसरली आहे. पिकं, गुरं, पोटातली मुलं, सगळं मरतंय. अथेन्समध्येही इ.स.पू. 430 मध्ये भयंकर साथ आली होती आणि बहुतेक अभ्यासक हे नाटक त्यानंतरच्या काही वर्षांत धरतात. तेव्हा पहिला प्रवेश पाहणाऱ्यांना तो फार लांबचा वाटला नसावा. डेल्फीहून निरोप येतो की लायसचा खुनी शहरात आहे, त्याला घालवा. ईडिपस भर लोकांत खुन्याला शाप देतो. तो माझ्या घरात असला तरी हा शाप मला लागो, असंही म्हणतो. मग एक पोरगा टायरेसियसचा हात धरून त्याला घेऊन येतो.

हा प्रवेश पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. आंधळ्याला सगळं दिसतंय आणि म्हणून तो बोलायला तयार नाही. डोळसाला काही दिसत नाही आणि तो बोल म्हणून मागे लागला आहे. चिडून ईडिपस त्याच्यावरच कटाचा आरोप करतो, तेव्हा म्हातारा सांगून टाकतो की खुनी तूच आहेस. यावर ईडिपस त्याच्या आंधळेपणाची टर उडवतो. डोळ्यांनी आंधळा, कानांनी आंधळा, बुद्धीनंही आंधळा! टायरेसियस म्हणतो की तुला डोळे असून तू कुठं राहतोस, कुणाबरोबर राहतोस, हे तुला दिसत नाही. इथं आपल्याला धृतराष्ट्र आठवतो, पण तुलना लगेच तुटते. धृतराष्ट्राला पाहायचं नसतं. ईडिपसला पाहायचंच असतं. त्याच्या डोळ्यांत खोट नाही, ते चुकीच्या दिशेला लागले आहेत, इतकंच.

अ‍ॅरिस्टॉटलनं शोकनायकाबद्दल जो ‘हामार्तिया’ शब्द वापरला त्याचा अर्थ याच्या जवळ जातो. बाणाचा नेम चुकणं हा त्या क्रियापदाचा एक जुना अर्थ. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं आहे, ते जरूर पाहा. परीक्षेच्या गाइडांत मात्र हामार्तियाचा ‘स्वभावदोष’ होतो, मग ‘गर्व’ होतो, आणि गर्वाचं घर खाली असं म्हणून विषय मिटतो. आम्हाला हे पटत नाही. ईडिपस तापट आहे, संशयी आहे, मान्य. पण जरा शांत स्वभावाचा असता तर जोकास्टा त्याची आई राहिली नसती का?

उलट त्याला बुडवतात ते त्याचे गुण. जोकास्टा त्याची समजूत घालते. देववाणीचं काय घेऊन बसलात, लायसला मुलगा मारणार होता, पण त्याला तर तीन रस्ते मिळतात तिथं दरोडेखोरांनी मारलं! भीती घालवायला सांगितलेल्या गोष्टीत ‘तीन रस्ते’ हे शब्द येतात आणि ईडिपस गार पडतो. पुढे कॉरिंथहून निरोप्या येतो. तुमचे वडील वारले, आता बापाला मारायची भीती संपली. आणि आईचीही भीती नको, कारण ती तुमची आई नव्हेच, मीच तुम्हाला या हातांनी त्यांच्या ओटीत दिलं होतं. सुटका करायला आलेला माणूस फास आवळतो. अ‍ॅरिस्टॉटल कलाटणीचं उदाहरण देताना हाच निरोप्या पुढे करतो.

जोकास्टाला इथंच कळतं. ती हात जोडून विनवते की आता पुढे विचारू नका. टायरेसियसनं थांबवलं होतं, आता हिनं थांबवलं, शेवटी तो म्हातारा धनगरही गयावया करतो की मालक, पुरे. भयंकर ते माझ्या ओठांवर आलं आहे, असं धनगर म्हणतो. ईडिपस म्हणतो, आणि माझ्या कानांवर, पण ऐकलं पाहिजे. तीन वेळा दार उघडं होतं. त्यानं पाठ फिरवली असती तर देववाणी खोटी ठरली नसती, फक्त त्याला ती कळली नसती. आमच्या मते नायकपण आहे ते इथं. भाकितात खून होता, लग्न होतं, हा शोध नव्हता.

आता डोळे. जोकास्टानं गळफास लावून घेतला. ईडिपस तिला खाली उतरवतो, तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना काढतो आणि त्या स्वतःच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा खुपसतो. हे दिसत नाही, आतून आलेला सेवक सांगतो. मग राजा बाहेर येतो.

ही गोष्ट अशीच असायला हवी होती असं नाही. होमरच्या ‘ओडिसी’त राणी गळफास घेते, पण ईडिपस थीब्जवर राज्य करत राहतो, डोळ्यांचा उल्लेख नाही. युरिपिडीसच्या हरवलेल्या ‘ईडिपस’चे तुकडे सापडले आहेत, त्यांत लायसचे नोकर त्याचे डोळे फोडतात. म्हणजे डोळे कुणी फोडले हा नाटककाराच्या निवडीचा भाग होता. सोफोक्लीसनं ईडिपसचाच हात निवडला. कोरस विचारतो, कुठल्या देवानं तुला हे करायला लावलं? तो म्हणतो की ही दुःखं अपोलोनं घडवली, पण घाव घातला तो माझ्या हातानं, दुसऱ्या कुणाच्या नाही. ‘स्वतःच्या हातानं’ या अर्थाचा जो शब्द तो इथं वापरतो, तोच त्यानं सुरुवातीला अज्ञात खुन्यासाठी वापरला होता. त्या खुनाच्या वेळी हात त्याचा होता, पण ज्ञान नव्हतं. आता दोन्ही आहेत.

कुणी म्हणेल, टायरेसियसनं आंधळेपणही आधीच सांगितलं होतं. बरोबर, सांगितलं होतं. कुणाच्या हातून ते मात्र सांगितलं नव्हतं. आणि कारण विचारलं तर ईडिपस शिक्षा वगैरे म्हणत बसत नाही. मेल्यावर खाली गेल्यावर आईबापांकडे कुठल्या डोळ्यांनी पाहू, असं विचारतो. जमलं असतं तर कानही बंद करून टाकले असते म्हणतो. पाहण्यानं जे काम वेळेवर केलं नाही, ते आता करत राहणं त्याला सोसत नाही.

जाता जाता सांगायला हवं की ज्या स्पर्धेत हे नाटक आलं तिथं सोफोक्लीसला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला आला फिलोक्लीस नावाचा नाटककार. त्याचं एकही नाटक आज शिल्लक नाही.

मराठीत ‘शोकांतिका’ शब्द रूढ आहे, पण काही समीक्षक ‘शोकात्मिका’ म्हणतात, कारण ग्रीक ट्रॅजेडीचा अंत शोकातच व्हावा असा नियम नव्हता. त्याचा पुरावा सोफोक्लीसनंच मागे ठेवला. नव्वदीच्या घरात त्यानं ‘कोलोनसला ईडिपस’ लिहिलं. कोलोनस हे अथेन्सजवळचं त्याचं जन्मगाव. इ.स.पू. 406 च्या सुमारास तो वारला आणि इ.स.पू. 401 मध्ये त्याच्या नातवानं ते रंगमंचावर आणलं. त्यात म्हातारा, आंधळा, भिकारी ईडिपस मुलीचा, अँटिगनीचा, हात धरून येतो. टायरेसियसला त्या पोरानं आणलं होतं ना, तसाच. आता तो ठामपणे सांगतो की मला माहीत नव्हतं, मी केलं त्याहून माझ्यावर जास्त गुदरलं. लाज त्याला आजही आहे, पण अपराध तो कबूल करत नाही.

शेवटी मेघगर्जना होते. आपली वेळ आली हे त्याला कळतं. मुलींनी हात पुढे केला तर तो म्हणतो की धरू नका, आता माझ्या मागून या. आणि आंधळा ईडिपस कुणाच्या आधाराशिवाय पुढे चालू लागतो. मागे दोन मुली, अथेन्सचा राजा थीसियस, सगळे डोळस. त्या जागेपाशी तो मुलींनाही परत पाठवतो. शेवटी काय झालं ते एकट्या थीसियसनं पाहिलं. सेवकांनी लांबून मागे वळून पाहिलं तेव्हा ईडिपस नव्हता, आणि थीसियस डोळ्यांवर हात धरून उभा होता.