‘एफ्. टी.’ या दोन अक्षरांचा अर्थ
(एका अमेरिकन डिझेल इंजिनाची हकीकत)

पेशवेकालीन कागदावर ‘सु॥ सबा खमसैन मया व अलफ’ असें दिसलें कीं आपण फारसा विचार न करतां ११५७ हा आंकडा मांडतों. शब्द दिसतो अक्षरांचा, पण त्याच्या पोटांत संख्या असते. अशा ठिकाणीं मूळ संकेत विसरला गेला म्हणजे अक्षर तेवढें मागें राहतें, आणि मागाहून येणारा वाचक त्यास आपल्या समजुतीचा अर्थ चिकटवितो. हा प्रकार केवळ जुन्या दप्तरांतच होतो असें नाहीं. अमेरिकेंत मालगाड्यांवरील वाफेची सत्ता ज्यानें उठविली त्या ‘एफ्. टी.’ जातीच्या डिझेल इंजिनाच्या नांवासंबंधानें नेमका तोच घोटाळा झाला आहे. छायाचित्रांच्या व रेल्वेविषयक कागदांच्या कित्येक संग्रहांत ‘एफ्’ म्हणजे ‘फ्रेट’, अर्थात् मालवाहतूक, असें बेधडक लिहिलेलें असतें. हा अर्थ कां टिकत नाहीं तें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्वपीठिका. हॅरल्ड हॅमिल्टन यांनीं १९२२ सालीं स्थापिलेली इलेक्ट्रो-मोटिव्ह ही कंपनी आरंभीं रुळांवरून चालणाऱ्या पेट्रोलच्या मोटारगाड्या तयार करवून विकीत असे. तिला यंत्रें पुरविणारी विंटन कंपनी आणि ती स्वतः, अशा दोन्ही १९३० सालीं जनरल मोटर्सनें विकत घेतल्या. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनीं हलक्या वजनाच्या दोन-धावी डिझेल यंत्राचा ध्यास घेतला होता. त्याचें फळ १९३३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत लोकांस पाहावयास मिळालें. पुढील वर्षीं, २६ मे १९३४ रोजीं, बर्लिंग्टन रेल्वेची ‘झेफिर’ ही पोलादी गाडी डेन्व्हरहून शिकागोस १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत येऊन पोंचली, व डिझेलचा सर्वत्र बोलबाला झाला. परंतु ती मोजक्या डब्यांची हलकी उतारूगाडी होती. हजारों टन माल घेऊन डोंगर चढण्याचें काम वाफेवांचून होणार नाहीं, हीच बहुतेक रेल्वे अधिकाऱ्यांची समजूत कायम राहिली.

तिला धक्का दिला तो १९३८ मध्यें सिद्ध झालेल्या ‘५६७’ या यंत्रानें. हा आंकडाही एक संकेतच आहे, पण सुदैवानें तो पडताळून पाहतां येतो. सिलिंडरचा व्यास ८॥ इंच आणि दट्ट्याची धाव १० इंच. वर्तुळाच्या क्षेत्रफळास धावेनें गुणिलें असतां प्रत्येक सिलिंडरचें माप सुमारें ५६७ घन इंच भरतें. नांवांत माप घालण्याची संवय या कारखान्यांत होती, हें येथें ध्यानांत ठेवावें.

नोव्हेंबर १९३९ मध्यें १०३ क्रमांकाचें प्रात्यक्षिक इंजिन दौऱ्यावर निघालें. त्याचे चार खंड होते: दोन्ही टोकांस चालकाच्या खोलीचे, व मधले दोन बिनखोलीचे. प्रत्येक खंडांत १६ सिलिंडरांचें, १,३५० अश्वशक्तीचें एक यंत्र. एकूण ५,४०० अश्वशक्ति. डिझेल यंत्र चाकें फिरवीत नाहीं. तें जनित्र फिरवितें, आणि जनित्राची वीज आंसांवरील मोटरींना जाते. त्यामुळें थांबलेली अवजड गाडी हलवितांना, जेथें वाफेचें इंजिन अडतें, तेथें याची ओढ सर्वांत अधिक असते. अकरा महिन्यांत २० रेल्वेंवर, ३५ संस्थानांतून, हें इंजिन ८३,७६४ मैल चाललें.

सांता फे रेल्वेनें त्याची योग्यता सर्वांआधीं ओळखली, यांत आश्चर्य नाहीं. तिच्या ॲरिझोना व कॅलिफोर्निया येथील वाळवंटी मार्गावर वाफेच्या इंजिनांस लागणारें पाणी दुरून टाक्यांच्या गाड्यांनीं आणावें लागे. म्हणजे गाड्या चालविण्यासाठीं आणखी गाड्या चालविणें आलें. शिवाय उतारावर मोटरींनाच जनित्र बनवून, उत्पन्न झालेली वीज उष्णतेच्या रूपानें घालवून वेग आवरण्याची सोय या कंपनीच्या इंजिनांत होती. तिनें अखेर ३२० खंड घेतले. एकंदर उत्पादन १९४५ पर्यंत खोलीचे ५५५ व बिनखोलीचे ५४१ असें झालें. मध्यंतरीं युद्ध आलें. १९४२ मध्यें युद्ध-उत्पादन मंडळानें या कारखान्यास उतारूंचीं इंजिनें करण्याची मनाई केली व मालवाहू इंजिनांची परवानगी ठेविली. तींही मोजून, कारण हेंच यंत्र आरमाराच्या रणगाडे उतरविणाऱ्या गलबतांनाही हवें होतें.

आतां अक्षरांकडे वळूं. एकट्या ‘एफ्’वरून निर्णय होणार नाहीं, शेजारचीं नांवें पाहिलीं पाहिजेत. याच कारखान्याच्या यार्डांतील इंजिनांस ‘एस्. सी.’, ‘एस्. डब्ल्यू.’, ‘एन्. सी.’, ‘एन्. डब्ल्यू.’ अशीं नांवें होतीं. पहिल्या दोहोंची शक्ति ६००, दुसऱ्या दोहोंची ९००. म्हणजे ‘एस्’ हा ‘सिक्स हंड्रेड’चा व ‘एन्’ हा ‘नाइन हंड्रेड’चा, दुसरें अक्षर सांगाडा ओतीव कीं जोडीव हें सांगणारें. १९३७ चें उतारूगाडीचें ‘ई’ जातीचें इंजिन १,८०० अश्वशक्तीचें, म्हणून ‘एटीन हंड्रेड’. या मालिकेंत ‘एफ्’ हा ‘फोर्टीन हंड्रेड’ असाच बसतो. १,३५० ची ती ठोकळ संख्या होय. ‘टी’ म्हणजे ‘ट्विन’, जुळें, कारण खोलीचा व बिनखोलीचा असे दोन खंड पोलादी दांड्यानें कायमचे जखडून एक जोडी म्हणून विकले जात.

यावर एक आक्षेप संभवतो. चार खंडांची शक्ति ‘फिफ्टी-फोर हंड्रेड’ व जोडीची ‘ट्वेन्टी-सेव्हन हंड्रेड’. तेव्हां तींच हीं अक्षरें कां नसावींत? वाचन चतुर आहे; पण ‘ई’ हें अक्षर एका खंडाची शक्ति सांगतें, तेव्हां ‘एफ्’नें चोहोंची बेरीज सांगावी हें मला पटत नाहीं. कोणताही पक्ष घेतला तरी ‘फ्रेट’ला जागा उरत नाहीं, हें मात्र खरें. याच वंशांतील ‘एफ्. ३’ हीं इंजिनें पुढें सांता फेच्या ‘सुपर चीफ’ या नामांकित उतारूगाडीस जोडलेलीं होतीं.

मग गैरसमज उद्भवला कसा? संख्या बदलली, अक्षर राहिलें. ‘एफ्. ३’ची शक्ति १,५०० झाली, ‘ई’ची २,०००, १९४९ च्या ‘एस्. डब्ल्यू. ७’ची तर १,२००. सहाशें लोपल्यावर ‘एस्. डब्ल्यू.’ म्हणजे ‘स्विचर’ असें लोक समजूं लागले, आणि त्याच चालीनें ‘एफ्’चा ‘फ्रेट’ झाला.

संग्राहकांसाठीं दोनतीन गोष्टी नमूद करतों. १ जानेवारी १९४१ पूर्वीं कारखान्याचें नांव ‘इलेक्ट्रो-मोटिव्ह कॉर्पोरेशन’ होतें, त्यानंतर तो जनरल मोटर्सचा ‘डिव्हिजन’ झाला. तेव्हां १९३९ चें इंजिन ‘डिव्हिजन’चें म्हणणें हा कालविपर्यास होय. १०३ हा आंकडा दिसला म्हणजे तें प्रात्यक्षिक इंजिनच, असेंही धरूं नये. सांता फेचीं इंजिनें १०० ते १७९ क्रमांकांचीं असल्यामुळें तिचेंही एक १०३ होतेंच. चार खंडांस मिळून एकच क्रमांक देऊन पुढें एल्, ए, बी, सी हीं अक्षरें लावण्याची तिची रीत होती. मूळ १०३ हें १९४१ मध्यें सदर्न रेल्वेनें विकत घेतलें व त्यास ६१०० क्रमांक दिला. त्याचा अग्रखंड सेंट लुई येथील राष्ट्रीय वाहतूक संग्रहालयांत आहे. त्यावरील १०३ हा आंकडा आणि जुना हिरवा-पिंवळा रंग १९८९ च्या सुवर्णमहोत्सवी डागडुजीच्या वेळचे आहेत. त्या रंगावरून १९३९ च्या रंगच्छटेचा निर्णय करूं नये.