'लक्ष नाही' की फीट?

वर्गात मूल एकटक बघत राहिलं की मराठी शाळेतल्या बाई म्हणतात, "लक्ष नाही." कन्नड शाळेत म्हणतात, "गमन इल्ला." बोलणी मुलालाच बसतात. पण काही मुलांमध्ये हा फीटचाच प्रकार असतो, हे आपल्या घरांतून फारसं ठाऊक नसतं.

फीट म्हटली की हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं आठवतं. 'ॲबसेन्स' फीटमध्ये तसं काही होत नाही. मूल बोलता बोलता थांबतं, नजर थिजते, कधी पापण्या फडफडतात. काही सेकंदांत ते भानावर येतं. मधलं काही आठवत नाही. दिवसात असं अनेकदा होतं. सुरुवात बहुधा ४ ते १० वर्षांच्या वयात होते.

माझ्या भाचीच्या वहीत शुद्धलेखनाच्या ओळी मधेच तुटलेल्या असत. डॉक्टरांनी तिला काही मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावले आणि समोरच तिची नजर थांबली. ईईजीत सेकंदाला तीन अशा ठरावीक लहरी उमटल्या. ताईला पहिल्यांदा आठवले ते तिला घातलेले धपाटे.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस असतो. तिथल्या चेतापेशींना कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. 'टी' प्रकारच्या या दारांमुळे पेशी एका तालात धडधडू लागल्या की मुलाचं भान हरपतं. एथोसक्सिमाइड हे छोट्या रेणूचं जुनं औषध ही दारं अडवतं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ४५३ मुलांच्या अभ्यासात ते व्हॅल्प्रोएटइतकंच गुणकारी ठरलं, आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम कमी दिसला. अभ्यास करणाऱ्या मुलासाठी ही मोठीच गोष्ट. मात्र हातपाय झाडणाऱ्या फीटवर ते चालत नाही. पोटदुखी, मळमळ, झोप येणं असे त्रासही होऊ शकतात.

ताईने विचारलं, "मग दूध बंद करू का?" मुळीच नको. दुधातल्या कॅल्शियमशी याचा संबंध नाही. आजोबांची रक्तदाबाची अम्लोडिपिनही कॅल्शियमचीच दारं अडवते, पण ती मुख्यतः रक्तवाहिन्यांतली, वेगळ्या प्रकारची. ती गोळी इथे कामाची नाही.

शंका आली तर मोबाइलवर चित्रण करून मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवा. फीटची काही औषधं हा प्रकार वाढवतात, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका. सुरू केलेलं औषध मनाने थांबवू नका. पुष्कळ मुलं मोठेपणी यातून बाहेर पडतात. तोवर वर्गशिक्षकांना घरची गोष्ट मोकळेपणाने सांगा, मराठीत किंवा कन्नडमध्ये.