ऋणमुक्ताची अडचण

ज्याने आयुष्यात कोणाचे देणे मागे ठेवले नाही, वाण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती केली, पुण्यातल्या सदनिकेचे हप्ते मुदतीआधी फेडून बँकेचा निःशेष दाखला कपाटात जपून ठेवला, आणि ज्याच्या शब्दावर पेठेतला सराफही दागिना घरी नेऊन दाखवावयास देतो, असा एखादा चाळिशीतला गृहस्थ नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये जाऊन उतरला, की पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या ध्यानात येते की, तेथील देवघेवीच्या दृष्टीने आपण सज्जनही नाही आणि दुर्जनही नाही. आपण मुळी अस्तित्वातच नाही. घर भाड्याने मागावे, तर घरमालकाचा व्यवस्थापक प्रथम क्रेडिट रिपोर्ट मागवतो आणि तो कोरा निघाल्यावर जादा अनामत तरी मागतो किंवा जामीनदार तरी. वीज कंपनी जोडणी देण्यापूर्वी ठेव मागते, मोटारीसाठी कर्ज मिळालेच तर ते चढ्या व्याजाने मिळते, आणि ज्या बँकेत त्याचा भरघोस पगार जमा होतो, तीच बँक त्याचा क्रेडिट कार्डाचा अर्ज, माहिती अपुरी असल्याचे सौजन्यपूर्वक कळवून, नामंजूर करते.

यात बँकेचा त्याच्यावर रोष असतो असे नाही. तेथील व्यवस्था मनुष्याची मालमत्ता मोजत नाही आणि त्याचा पगारही तिच्या गणितात धरला जात नाही. या इसमाने पूर्वी घेतलेले कर्ज ठरलेल्या मुदतीत परत केले काय, आणि केले असल्यास त्याची नोंद आमच्या दप्तरी आहे काय, एवढेच तिला पाहावयाचे असते. खात्यात लाख डॉलर पडून असले तरी त्यांची नोंद तेथे होत नाही, आणि डेबिट कार्डाने कितीही खरेदी केली तरी तीही नाही, कारण स्वतःचेच पैसे खर्च करण्यात विश्वासाची परीक्षा कसली? कर्ज ही जवळजवळ लाजेची गोष्ट मानून वाढलेल्या मराठी मध्यमवर्गीयाला हे पटावयास जड जाते, आणि त्याच्या या संकोचाला इतिहासही आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे हिसकावले आणि जाळले, आणि त्या उठावाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा निघाला. कर्जाचे लेखन म्हणजे गळफास, हे ज्या प्रांताने इतक्या कडू अनुभवाने शिकून घेतले, त्याच प्रांतातील तरुणांनी दीडशे वर्षांनंतर सातासमुद्रापलीकडे जाऊन आपल्या नावावर कर्जाची एखादी तरी नोंद व्हावी म्हणून अर्जांवर अर्ज करावेत, हा काळाचा विनोद आहे.

अमेरिकेतील या दप्तराचा उगम एका दिवाळखोरीत आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कमधील आर्थर टॅपन यांची रेशमाची पेढी बुडाली, आणि तिचा कारभार पाहणारे त्यांचे धाकटे बंधू लुईस टॅपन, जे गुलामगिरीविरोधी चळवळीतले एक अग्रणी होते, त्यांनी १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ नावाची संस्था काढली. गावोगावच्या वकिलांकडून आणि अन्य जाणत्या बातमीदारांकडून तेथील व्यापाऱ्यांची माहिती मागवायची, ती जाडजूड वह्यांत उतरून ठेवायची आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना विचारल्यावर सांगायची, असे तिचे काम होते. भांडवल किती, देणे किती, याबरोबरच मनुष्य दारू पितो काय, त्याची सासुरवाडी सधन आहे काय, अशाही गोष्टी त्या वह्यांत टिपल्या जात. हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात त्या आजही जतन केलेल्या आहेत. व्यापाऱ्यांसाठी सुरू झालेली ही पद्धत पुढे सामान्य गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचली. १८९९ मध्ये अटलांटा येथे वुलफोर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली, आणि तीच १९७५ पासून ‘इक्विफॅक्स’ या नावाने ओळखली जाते. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खासगी कंपन्यांच्या, म्हणजेच क्रेडिट ब्युरोंच्या, दप्तरांत आज अमेरिकेतील बहुतेक प्रौढ माणसांची कर्जकुंडली नांदते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्याही ज्यात शिरत होत्या अशा या दप्तरांना आवर घालण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १९७० मध्ये ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग’ कायदा केला आणि आपल्यासंबंधी काय लिहिले आहे ते पाहण्याचा व चुकीच्या नोंदीस हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास मनाई केली. १९७६ मध्ये त्यात वंश, धर्म व मूळ राष्ट्र यांचीही भर पडली. दरम्यान, अभियंता बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापलेल्या संस्थेने कर्जदाराची विश्वसनीयता आकड्यात मांडण्याचे शास्त्र विकसित केले, आणि १९८९ मध्ये ‘फायको’ या नावाने प्रसिद्ध झालेला, ३०० ते ८५० या मर्यादेतला स्कोअर सर्रास वापरात आला. माझे मत असे आहे की, हा आकडा निर्दय असला तरी चहाडखोर नाही. त्याला अर्जदाराचा उच्चार ऐकू येत नाही, आडनावावरून तो काही ताडत नाही आणि सासुरवाडीची चौकशी करीत नाही. मात्र ज्याच्याविषयी दप्तरात काहीच नाही, त्याच्याविषयी बोलावयासही त्याच्यापाशी काही नसते, आणि नवागताची सारी अडचण नेमकी येथे आहे.

मग भारतातील पत तेथे का चालू नये? आपल्याकडे ‘सिबिल’ची स्थापना २००० साली झाली, आणि आज तिच्या नावामागे ट्रान्सयुनियनचेच नाव जोडलेले आहे. म्हणजे मुंबईतील आणि शिकागोतील वह्या एकाच घराण्याच्या, तरी एका वहीतील मजकूर दुसऱ्या वहीत उतरत नाही. दोन्ही देशांचे कायदे निराळे, नोंदींचे नमुने निराळे, एकीकडची ओळख पॅन क्रमांकावर तर दुसरीकडची मुख्यत्वे सोशल सिक्युरिटी क्रमांकावर. या भिंतीला अलीकडे एक खिडकी पडली आहे. २०१९ पासून अमेरिकन एक्स्प्रेस ही कंपनी ‘नोव्हा क्रेडिट’ या मध्यस्थ संस्थेमार्फत भारतासह काही देशांतील नोंदी अर्जदाराच्या संमतीने पाहते आणि त्या आधारे नवागताचा अर्ज विचारात घेते. पण तिच्यातून फार तर पहिले कार्ड आत येते. अमेरिकेतले खाते कोरेच असते आणि ते पहिल्या ओळीपासून भरावे लागते.

ही पहिली ओळ लिहिण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड. बँकेपाशी दोनशे किंवा पाचशे डॉलर अनामत ठेवायचे आणि साधारणतः तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घ्यायचे. आपल्याच पैशांवर आपणच कर्ज घ्यावे, हा प्रकार प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटतो खरा, परंतु अनामत ही केवळ हमी असते. महिनाभराची उचल हे कर्जच असते, आणि तिची फेड दप्तरी रुजू होते. ती तिन्ही ब्युरोंकडे कळवली जाते ना, एवढे मात्र कार्ड घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. सोशल सिक्युरिटी क्रमांक नोकरीवर आलेल्याला मिळतो, विद्यार्थ्याला बहुधा विद्यापीठाच्या आवारात काम मिळाल्यावरच मिळतो. तोपर्यंत पासपोर्टावर किंवा करखात्याने दिलेल्या क्रमांकावर कार्ड देणाऱ्या काही बँका शोधाव्या लागतात. एकवीस वर्षांखालील विद्यार्थ्याला तर २००९ च्या कायद्यानुसार स्वतःचे उत्पन्न किंवा सहकर्जदार दाखवावा लागतो. दुसरा मार्ग नात्यागोत्याचा आहे: तेथे स्थायिक असलेल्या काकाने किंवा मावशीने आपल्या जुन्या कार्डावर नवागताला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवले, तर त्या कार्डाचा इतिहास त्याच्याही खात्यात दिसू लागतो. यात काकाचे काही जात नाही, परंतु पुतण्याने उधळपट्टी केली तर बिल काकाच्याच नावावर येते. तेव्हा मागणाऱ्याने भिडस्त माणसाला पेचात न टाकलेले बरे.

नोंद सुरू झाल्यावर फायको स्कोअर निर्माण होण्यास निदान सहा महिने जुने एक खाते लागते. त्याच्या मोजणीत ३५ टक्के भार वेळेवर केलेल्या फेडीचा, ३० टक्के देण्याच्या प्रमाणाचा, १५ टक्के इतिहासाच्या लांबीचा आणि दहा-दहा टक्के नव्या अर्जांचा व कर्जांच्या विविधतेचा असतो. इतिहासाची लांबी कोणाला घाईने वाढवता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी मात्र सर्वस्वी आपल्या हाती असतात, आणि त्यांतली दुसरी शहाण्यासुरत्या माणसांनाही चकवते. समजा, कार्डाची मर्यादा पाचशे डॉलर आहे आणि गृहस्थाने महिन्याचा किराणा व विमानाचे एक तिकीट मिळून साडेचारशे डॉलर त्यावर खर्च केले. बिल आल्यावर तो ती रक्कम मुदतीत पूर्णपणे फेडतो आणि आपण कर्तव्य बजावले अशा समाधानात असतो. पण बँक ब्युरोकडे बहुधा बिल निघाल्या दिवसाची बाकी कळवते, म्हणून दप्तरात असे दिसते की, या माणसाने मर्यादेच्या ९० टक्के कर्ज अंगावर घेतले आहे, आणि स्कोअर खाली येतो. यावर उपाय सोपा आहे: बिल निघण्याच्या तारखेपूर्वीच बहुतांश रक्कम भरून टाकावी आणि नोंदीत दिसणारी बाकी मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याखाली, जमल्यास दहाव्या हिश्श्याखाली ठेवावी.

उलट, थोडी बाकी दरमहा शिल्लक ठेवली तर स्कोअर वाढतो, असा एक गैरसमज आपल्या मंडळींत फार पसरला आहे. तो सपशेल खोटा आहे. वाढते ते व्याज, आणि तेही पुष्कळदा शेकडा वीसच्या वर. बिलावर ठळक छापलेली किमान रक्कम भरली की थकबाकीदार ठरण्याचे टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याजाचा मीटर चालूच राहतो. पूर्ण रक्कम आपोआप खात्यातून वळती होण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी हे उत्तम, कारण तीस दिवसांहून अधिक रेंगाळलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षे राहते, आणि ती दहा डॉलरच्या हप्त्याची आहे की हजाराच्या, हे विचारण्याच्या फंदात बँक सहसा पडत नाही. सवलतींच्या मोहाने दर दुकानात नव्या कार्डासाठी अर्ज करणेही टाळावे, कारण अशी प्रत्येक चौकशी दोन वर्षे नोंदीत दिसते; स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र काहीच बिघडत नाही. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आता आठवड्याला एकदा विनामूल्य पाहता येतात.

ते पाहावेत, याचे मराठी माणसाला एक खास कारण आहे. आपल्या नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते. पासपोर्टावर ते बहुधा व्यक्तिनामाला जोडूनच छापलेले असते, आणि अमेरिकेत कोणी ते मधले नाव धरतो, कोणी गाळतो, कोणी दोन्ही नावे एकत्र जोडून तिसरेच नाव तयार करतो. त्यात एकाच भाड्याच्या घरात राहणारे दोन तरुण एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षराचे निघाले, तर एकाची फेड दुसऱ्याच्या खात्यात जाते किंवा एकाच माणसाची दोन अर्धवट खाती तयार होतात. म्हणून भाडेपट्टा, बँक, वाहन परवाना आणि कार्ड या सर्वांवर नावाचे स्पेलिंग अक्षरशः एक ठेवावे. तरीही चूक झालीच, तर ब्युरोकडे लेखी हरकत घ्यावी. तिची चौकशी सामान्यतः तीस दिवसांत करणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. पैसे घेऊन पत दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहावे. काम पुरे करण्यापूर्वी मोबदला घेण्यास अशा संस्थांना कायद्याने बंदी आहे, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी दुसराच नऊ आकडी क्रमांक वापरण्याचा त्यांचा सल्ला मानणारा मनुष्य थेट फौजदारी गुन्ह्याच्या दारात उभा राहतो.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे तो नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या स्त्रियांचा. पुण्या-मुंबईत स्वतःच्या पगारावर घर चालवलेली बाई तेथे काम करण्याच्या परवानगीवाचून, आणि म्हणून बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांकावाचून राहते. घरातली सारी खाती पतीच्या नावावर उघडली जातात, आणि आठ-दहा वर्षे तिने किराण्यापासून मुलांच्या शाळेपर्यंतचा हिशेब चोख ठेवूनही दप्तरात तिचे नाव उमटत नाही. वैधव्य किंवा घटस्फोट ओढवला, की परक्या मुलखात तिला भाड्याची खोली मिळणेही कठीण होते. कार्डावर तिचे नाव केवळ एक जादा कार्ड म्हणून न घालता बँकेकडे तिची रीतसर नोंद करून घ्यावी; पती-पत्नी दोघेही ज्या खात्याचा वापर करू शकतात किंवा दोघेही ज्याच्या देण्यास बांधलेले आहेत, अशा खात्याची माहिती बँकेने ब्युरोला दिल्यास ती दोघांच्याही नावाने दिली जावी, असा तेथील नियमच आहे. आणि करखात्याचा क्रमांक किंवा कामाची परवानगी हाती आली, की त्याच आठवड्यात तारणावरचे एक छोटे कार्ड एकटीच्या नावावर उघडावे. त्यासाठी दोनशे डॉलर पुरतात.