आजोबा आयसीयूत, मग सही कोण करणार?

आजचा विषय जरा जड आहे, पण पाच मिनिटं द्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना पक्षाघात झाला. ते बेशुद्ध, आणि एफडी एकट्या त्यांच्या नावावर. आजी बँकेत गेली तर म्हणाले, "सही आणा." मी म्हटलं, आजी नॉमिनी आहे ना? पण नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावरच सुरू होतो. बाबांकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी होती, तीही चालेना. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की अधिकारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते रद्द!

मग पालक नेमायचा कसा? १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांपुरता प्रतिनिधी देतो, पैशांसाठी नाही. कोमातल्या प्रौढ माणसासाठी वेगळा केंद्रीय कायदाच नाही. म्हणून घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातल्या एका माणसाच्या पत्नीला असंच पालक नेमलं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाच दिल्या: वैद्यकीय मंडळाची तपासणी, मालमत्ता आणि वारसांची माहिती, आणि पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अहवाल. घाई असेल तर याचिकेतच अंतरिम आदेश मागता येतो.

आता आज घरी काय कराल?

एक, रोजच्या गरजेचं बचत खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करून घ्या. फक्त एफडी जोडनावावर असून भागत नाही, मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या मागू शकतात.

दोन, माणूस शुद्धीत आहे पण सही जमत नाही, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

तीन, उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवा. २०२३ पासून लिव्हिंग विलला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

आम्ही याचिकेचे कागद जमवत होतो, तोवर आजोबा गेले. हॉस्पिटलचं बिल मी पर्सनल लोन काढून भरलं. त्यानंतर आजीला नॉमिनी म्हणून एफडीचे पैसे मिळाले. तेच पैसे, जे त्यांच्या उपचारांना हवे होते.

हा विषय घरात काढायला अवघड जातं, माहितीये. तरी या रविवारी चहाच्या वेळी काढाच. भेटू पुढच्या भागात!