व्हिसा नवऱ्याच्या नावावर, छळही त्याचाच: ब्रिटनमध्ये पुढे काय करायचं?

लग्न होऊन ब्रिटनला गेलेल्या मुलीला छळाबरोबर एक धमकीही मिळते: “पोलिसांत गेलीस तर व्हिसा रद्द करून टाकीन.” नवऱ्याला तो अधिकार नाही. तो फक्त होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा. नवरा फार तर “आमचं नातं संपलं” असं कळवू शकतो. अर्थात नातं संपलं की त्यावर मिळालेल्या व्हिसाचा आधारही जातो, म्हणून पुढची वाट आधीच माहीत असलेली बरी.

सर्वांत आधी व्हिसा नेमका कोणता ते पाहावं. आता छापील कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरचं खातं. पुष्कळदा हे खातं नवऱ्यानेच उघडलेलं असतं आणि ईमेल, फोन नंबरही त्याचेच असतात. मग पडताळणीचा कोड त्याच्याच मोबाइलवर जातो आणि मुलीला स्वतःचाच व्हिसा उघडता येत नाही. स्वतःचा नंबर आणि ईमेल घेऊन खात्यातली माहिती बदलून घ्यावी.

नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी असेल, तर वाट बरीच मोकळी आहे. २०१२पासून छळग्रस्त पत्नीसाठी एक सवलत आहे. तीत तीन महिन्यांची स्वतंत्र मुदत मिळते आणि सरकारी मदतही घेता येते. एरवी अशा व्हिसावर ‘सरकारी निधीला हात लावायचा नाही’ अशी अट असते आणि तिच्यामुळे निवारागृहंही दार उघडायला कचरतात. या सवलतीच्या अर्जाला फी नाही.

हे तीन महिने विश्रांतीचे नव्हेत. त्यातच कायम वास्तव्याचा अर्ज जायला हवा. त्याची फी भरमसाट आहे, पण हाती काही नसेल तर ती माफ होऊ शकते. पुरावा म्हणून डॉक्टरांच्या नोंदी, पोलिसांकडच्या तक्रारीचा क्रमांक, निवारागृहाचं पत्र, धमकीचे मेसेज असं सगळं जोडावं. अंगावर वळ नाहीत म्हणून अर्ज करता येणार नाही, असं समजू नये. पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं, पासपोर्ट लपवणं हाही तिथल्या कायद्याने छळच आहे.

खरी फसगत होते ती नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांच्या बायकांची, आणि आपल्याकडच्या आयटीवाल्यांची घरं बहुधा यातच मोडतात. फेब्रुवारी २०२४पासून तीन महिन्यांची सवलत त्यांनाही लागू झाली, पण कायम वास्तव्याचा मार्ग त्यांना खुला नाही. शिवाय सवलत मिळाली की आधीचा व्हिसा संपतो. घाईने अर्ज केलेली मुलगी दोन वर्षांच्या व्हिसाऐवजी तीन महिन्यांवर येऊन बसू शकते. इथे वकिलाला विचारल्याशिवाय फॉर्म भरू नये.

आणखी एक प्रकार आपल्याला ऐकून माहीत असेल. सुट्टीला म्हणून मुलीला भारतात आणायचं, कागदपत्रं काढून घ्यायची आणि एकट्यानेच परत जायचं. नागरिक किंवा कायम रहिवाशाने असं टाकून दिलेल्या पत्नीला २०२४च्या सुरुवातीपासून भारतातूनच अर्ज करता येतो. ही सोय फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

हे सगळे रस्ते बंद असतील तर लोक असायलम सुचवतात. असायलम म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून परक्या देशाकडे मागितलेला आश्रय. नवऱ्याचा छळ यात बसतो का, याचा मोठा निर्णय तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९मध्ये दिला. व्यभिचाराचा आळ घेऊन नवऱ्यांनी हाकललेल्या दोन पाकिस्तानी स्त्रियांचं ते प्रकरण होतं. मारणारा घरातला असला, तरी बाई आहे म्हणून सरकार तिला संरक्षण देत नसेल, तर तो शरणार्थी कायद्यातला छळ ठरतो, असं न्यायाधीशांनी मानलं.

भारतीय अर्ज नेमके या संरक्षणाच्या मुद्द्यावर अडकतात. भारतात २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, पोलीस आहेत, दुसऱ्या शहरात जाऊन राहता येतं, असं उत्तर येतं. तक्रार देऊनही पोलिसांनी काय केलं नाही, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. मुलाखतीला स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी मागता येते, ती मागावीच. ओळखीतल्याच समाजाचा पुरुष दुभाषी समोर असला की बाई निम्मं गिळून टाकते आणि पुढे तेच ‘आधी का सांगितलं नाही?’ म्हणून अंगावर येतं. नकार आला तर अपिलाला साधारणपणे १४ दिवस मिळतात.

निकालापर्यंत बहुतेकांना कामाची परवानगी नसते. राहायला कधी कधी हॉटेल मिळतं, पण त्या शब्दाला भुलू नये. २०२४मध्ये जेवण मिळणाऱ्या हॉटेलात आठवड्याला हातात पडत ८ पौंड ८६ पेन्स.

याच हॉटेलांवर त्या ऑगस्टमध्ये जमाव चालून गेले. साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला आणि खुनी आश्रय मागायला आलेला परका आहे, अशी अफवा उठली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरी रॉदरहॅमजवळ आत माणसं असताना हॉटेलच्या दाराशी आग लावली गेली. “आमच्या बायकामुली सुरक्षित राहायला हव्यात” ही घोषणा तेव्हाही होती. वर्षभराने ‘द गार्डियन’ने पोलिसांकडून आकडे मिळवले. या दंगलीत अटक झालेल्या ८९९ जणांपैकी ४१ टक्के लोकांविरुद्ध पूर्वी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी आलेल्या होत्या. बायकांची काळजी वाहणाऱ्या गर्दीबद्दल यापेक्षा बोलकं काही माझ्या वाचनात नाही.

त्या दंगलीनंतर धोरण कडकच होत गेलं. नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारने जाहीर केलं की शरणार्थी दर्जा पाच वर्षांऐवजी अडीच वर्षांचा असेल आणि कायम वास्तव्यासाठी बऱ्याच जणांना २० वर्षं थांबावं लागेल. त्यामुळे पत्नी म्हणून असलेला मार्ग खुला असेल, तर आधी तोच धरावा.

जिवावर बेतलं असेल तर थेट पोलिसांच्या ९९९ नंबरवर फोन करावा. एरवी, विशेषतः व्हिसा संपलेला असेल तर, आधी संस्थेशी बोलावं, कारण पोलीस होम ऑफिसला माहिती देऊ शकतात. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९पासूनची संस्था याच कामात मुरलेली आहे. राष्ट्रीय मदतवाहिनी ०८०८ २००० २४७ चोवीस तास आणि मोफत आहे. सल्ला देणारा नोंदणीकृत आहे ना, हे मात्र पैसे देण्याआधी तपासावं. तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या ओळखीचा ‘व्हिसावाला’ चालणार नाही; नवऱ्याला बातमी पहिल्यांदा तिथूनच पोचते.