स्मिता पाटील यांचे सिनेमे : कोणती डिस्क घ्यावी?

नरडाण्याहून आग्रा रोडने तापी ओलांडली की शिरपूर, स्मिता पाटील यांच्या घराण्याचं गाव. त्यांचे सिनेमे डिस्कवर जमवणं हा माझा जिवाभावाचा छंद. म्हणून मंडळी, नवी डिस्क घेण्याआधी मी काय बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी, प्रत कशावरून काढली? ‘नवी आवृत्ती’ म्हणताना कित्येकदा फक्त वेष्टनच नवं असतं. १९७६ च्या ‘मंथन’चं बघा. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून तो ४के मध्ये दुरुस्त केला आणि २०२४ साली कान महोत्सवात दाखवला. अशा प्रतीवरून निघालेल्या डिस्कला मी डोळे मिटून पैसे देईन. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, मोठ्या टीव्हीवर बघवत नाही. एकाच डीव्हीडीत तीन सिनेमे कोंबलेले असतील तर तीही सोडा.

मग लांबी. पाल डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने चालतो, त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. त्यात काही कापलेलं नसतं. तफावत याहून मोठी असेल तर मात्र गाणं किंवा प्रसंग उडवल्याची शंका घ्या.

परदेशातून ब्लू-रे मागवताना रीजन तपासाच : भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए.

कुणाकडे ‘उंबरठा’ची जुनी डीव्हीडी असेल तर मागच्या वेष्टनाचा फोटो टाका, लांबी ताडून बघू.