लेख उडाला? प्लगइन शोधण्याआधी वर्डप्रेसमध्येच पाहा

तासभर खपून लेख लिहिला आणि ऐनवेळी ब्राउझर बंद पडला. अशा वेळी नवे ब्लॉगर प्लगइन शोधत बसतात. २००३ पासून चालत आलेल्या वर्डप्रेसमध्ये मात्र ही सोय मुळातच आहे.

लिहीत असताना दर ६० सेकंदांनी मजकूर आपोआप सेव्ह होतो. शिवाय तुम्ही सेव्ह केलेल्या जुन्या प्रती ‘रिव्हिजन्स’मध्ये राहतात. काल लिहिलेला परिच्छेद आज पुसला असेल, तर ती प्रत ‘रिस्टोअर’ करा. काढून टाकलेला लेख ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये सापडतो. फोटोंना ही सवलत नाही. मीडिया लायब्ररीतून डिलीट केलेला फोटो कायमचा जातो.

ठरावीक वेळी लेख प्रसिद्ध करायला ‘शेड्यूल’ आहे. इथे बरेच जण फसतात. इंग्रजीत सुरू केलेल्या नव्या साइटचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते. त्यामुळे सकाळी ७ चा लेख दुपारी साडेबाराला येतो. ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’मध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ निवडा. (यादीत मुंबई शोधू नका, ती नाही.)

होस्टिंगचे पैसे भरायचे राहण्याआधी ‘टूल्स’मधील ‘एक्सपोर्ट’ही वापरून ठेवा. सगळे लेख एका फाइलमध्ये मिळतात. फोटोंच्या मात्र फक्त लिंक येतात, ते वेगळे डाउनलोड करावे लागतात.